दुसरी-तिसरीच्या मुलांना ग्रह कसे शिकवावेत? पाठांतर होतंय पण कळत काहीच नाही

तुम्ही लिहिलंय की शाळेवर नवीनच रुजू झालाय, दुसरी-तिसरीचा वर्ग आहे, मुलं आठ ग्रहांची नावं घडाघडा म्हणतात पण एक प्रश्न उलटा विचारला की गप्प बसतात. मी कोल्हापूरजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत चौदा वर्षं खालचेच वर्ग घेतेय, त्यामुळं जे स्वतः करून बघितलंय तेवढंच सांगते.

पहिल्या वर्षी मी पण तक्ता लावला, बुध शुक्र पृथ्वी मंगळ चालीवर म्हणून घेतलं, आठवड्यात अख्खा वर्ग पाठ. मग एका मुलीला सहज विचारलं, पृथ्वी कुठाय गं? तिनं बोट वर केलं, आभाळाकडं. बाकीच्यांना विचारलं तर निम्म्या वर्गाची बोटं वर. म्हणजे नावं आठही बरोबर, पण आपण उभे आहोत तोच एक ग्रह आहे हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. त्यांची चूक नाही ओ, तक्त्यात पृथ्वी पण भिंतीवरच असते ना, बाकीच्या सातांसारखी. त्या दिवसापासनं मी सुरुवात पायाखालनं करते आणि नावं सगळ्यात शेवटी घेते. तुम्ही पण तसंच करून बघा.

पायाखालनं म्हणजे कसं, तर आधी भोवरा. मैदानात एक पोरगं मधे उभं करायचं, तो सूर्य, आणि दुसऱ्यानं भोवऱ्यासारखं स्वतःभोवती गिरक्या घेत त्याच्याभोवती फिरायचं. परिवलन आणि परिभ्रमण हे शब्द मोठ्या वर्गात जाऊन पण पोरं एकमेकांत घालतात, पण एकदा चक्कर येऊन खाली बसलं की स्वतःभोवतीचं फिरणं कुठलं आणि सूर्याभोवतीचं कुठलं हे ती विसरत नाहीत.

आणि आपल्या इथल्या पोरांना एक गोष्ट आधीच माहीत असते ती म्हणजे अंबाबाईचा किरणोत्सव. नोव्हेंबरात ९, १०, ११ ला आणि परत ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येतात, पहिल्या दिवशी पायावर, मग वर सरकत तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. ढग किंवा धुरकट हवा असली तर पोचत नाहीत ते वेगळं. मी विचारते, वर्षातनं दोनदाच का बरं? मग घरचा अभ्यास देते, दर रविवारी अंगणात एकाच जागी उभं राहून सूर्य कशाच्या मागं मावळला ते वहीत काढायचं, नारळाच्या मागं की पाण्याच्या टाकीच्या मागं. डिसेंबरपर्यंत तो डावीकडं, म्हणजे दक्षिणेकडं सरकत जातो, २१-२२ डिसेंबरला थांबल्यासारखा होतो आणि परत उलटा फिरतो, म्हणून जाताना एकदा आणि येताना एकदा तो त्याच जागी मावळतो. कॅलेंडरवर दिवस मोजायला लावा, दोन्हीकडं चाळीस-बेचाळीस दिवस भरतात. पृथ्वी थोडी कललेली राहूनच सूर्याभोवती फिरते म्हणून हे होतं, पण ते कारण तिसरीत नाही पूर्ण कळलं तरी चालतं, वहीत चित्र असलं की पुढच्या वर्गात उपयोगी पडतं.

आता मुख्य गोष्ट, अंतर. तक्त्यात सगळे ग्रह एका दोरीत ओवल्यासारखे शेजारीशेजारी असतात आणि आकार पण जवळजवळ सारखे, तेवढ्या कागदात खरं प्रमाण बसतच नाही त्याला इलाज नाही. म्हणून मी पोरांना चालवते. सूर्य म्हणजे पाच नंबरचा फुटबॉल, आणि कोल्हापुरात फुटबॉल मागायला कुठं लांब जायला लागत नाही, कुठल्याही गल्लीत मिळतो. फुटबॉलएवढा सूर्य धरला की पृथ्वी येते मोहरीच्या दाण्याएवढी, दोन मिलिमीटर, आणि ती ठेवायची चोवीस मीटरवर. बुध म्हणजे खसखस, नऊ मीटरवर. शुक्र पण मोहरीच, सतरा मीटरवर. मंगळाला राजगिऱ्याचा दाणा, छत्तीस मीटरवर. इथपर्यंत सगळं शाळेच्या मैदानात मावतं आणि पोरांना वाटतं झालं, संपत आलं. मग गुरू काढायचा खिशातनं, चांगलं मोठं बोर, आणि चालत सुटायचं, तो येतो एकशे तेवीस मीटरवर, आमच्या गेटच्या बाहेर. शनी जरा लहान बोर, त्याला कागदाची कडी, सव्वादोनशे मीटर. युरेनस आणि नेपच्यून दोन हरभरे, एक साडेचारशेवर आणि दुसरा सातशे दहा मीटरवर, तो आमच्याकडं बरोबर गुऱ्हाळापाशी येतो. तिथं उभं राहून मागं बघितलं तर शाळा दिसते, फुटबॉल काही दिसत नाही.

दाणे हरवतात, म्हणून प्रत्येक दाणा पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर फेविकॉलनं चिकटवायचा आणि पुठ्ठा एकेका पोराच्या हातात द्यायचा. मागच्या वर्षी मोहरीचा पुठ्ठा होता त्या पोरानं तो डोळ्याजवळ धरला, नखानं दाणा जरा हलवून बघितला आणि विचारलं, बाई, ह्याच्यात कोल्हापूर कुठाय? मी म्हटलं शोध. तो खरंच पाच मिनिटं शोधत बसला आणि बाकीची आठ-दहा पोरं त्याच्या खांद्यावरनं वाकून. माझ्या चौदा वर्षातला ग्रहांचा सगळ्यात चांगला तास तो.

मोहरीच्या जागेवर उभं राहिल्यावर अजून एक गोष्ट करा. तिथनं फुटबॉल जेवढा दिसतो तेवढाच आभाळातला खरा सूर्य दिसतो, प्रमाण बरोबर धरलंय म्हणून. पण सूर्याकडं नुसत्या डोळ्यांनी बघू देऊ नका, ह्यात अजिबात ढील नको. त्याऐवजी पौर्णिमेनंतर तीन-चार दिवसांनी सकाळच्या शाळेच्या वेळी पश्चिमेला फिकट चंद्र असतो, तो दाखवा, तो पण जवळपास तेवढाच दिसतो. चंद्र मॉडेलमध्ये ठेवायचा तर मोहरीपासनं सहा सेंटीमीटरवर, त्याच पुठ्ठ्यावर पेनानं ठिपका काढला तरी झालं. चांद्रयान तेवढंच गेलं होतं हे सांगितलं की पोरं त्या सहा सेंटीमीटरकडं आणि मग राजगिऱ्याकडं बघतात, आणि मंगळयानाला नोव्हेंबर २०१३ ते सप्टेंबर २०१४ एवढा वेळ का लागला हे वेगळं सांगायला लागत नाही.

नावांचं म्हणाल तर ती पोरांना आधीच येतात, आठवड्याचे वार म्हणायला लावा. मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी हे पाच वारातच आहेत, वर रवी आणि सोम. हे पाच नुसत्या डोळ्यांना दिसतात म्हणून जुन्या लोकांना माहीत होते, युरेनस दुर्बिणीतनं १७८१ साली ओळखला गेला आणि नेपच्यून १८४६ साली, म्हणून त्यांना वार नाही. पृथ्वीवार का नाही हे पोरांनाच विचारा, एखादं तरी बरोबर सांगतं.

घरनं दोन प्रश्न हमखास येतात. एक, आमचे पप्पा म्हणतात ग्रह नऊ. बरोबरच आहे, त्यांच्या पुस्तकात नऊच होते, प्लुटोला २००६ साली बटुग्रह म्हणायचं ठरलं. पालकांना खोटं पाडू नका. दुसरा, आजी म्हणते शनी वाईट. इथं मी आजीशी भांडत नाही. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, बारा राशीत वाटली तर एका राशीत जवळपास अडीच, तीन राशींची साडेसात. म्हणजे साडेसाती हा आकडा मुळात कुणीतरी आभाळाकडं वर्षानुवर्षं बघून काढलाय, तेवढं पालकसभेत सांगते. आणि जमलं तर एकदा दुर्बिणीतनं शनी दाखवते. कडी दिसली की पोरं काय ओरडतात! आमच्या एका पोराची आजी पण आली होती, ती दुर्बिणीला डोळा लावून बराच वेळ हललीच नाही.

आभाळ दाखवायचं ते दिवाळीनंतर ते फेब्रुवारी, जून ते सप्टेंबर आपल्याकडं ढगच असतात. न लुकलुकता शांत दिसतो तो बहुतेक ग्रह, लुकलुकते ती चांदणी. शुक्राला आपण चांदणी म्हणतो पण तो ग्रह, हे मुद्दाम सांगा. तो फक्त संध्याकाळी नाहीतर पहाटे दिसतो, मध्यरात्री कधीच नाही. सध्या कुठला ग्रह कुठं आहे ते स्टेलॅरियम ॲपवर आदल्या दिवशी बघून ठेवा, पोरांसमोर मोबाईल काढू नका, नाहीतर सगळी मोबाईललाच चिकटतात.

वाढदिवसाचा खेळ पण घ्या. बुधाचं वर्ष ८८ दिवसांचं, म्हणजे आठ वर्षांची पोरगी तिथं तेहतीस वर्षांची, आणि गुरूचं जवळपास बारा वर्षांचं, तिथं ती अजून एक पण पूर्ण नाही. गणिताच्या तासाला खपून जातं.

चालायच्या दिवशी मुख्याध्यापकांना आधी विचारा, सोबत अजून एक शिक्षक घ्या आणि अंतरं आदल्या दिवशी टेपनं मोजून चुन्याच्या खुणा करून ठेवा, पावलं मोजत बसलात तर गुरूच्या पुढं सगळा घोळ होतो. गळीत हंगामात रस्त्याला ऊसाचे ट्रॅक्टर चालू असतात, म्हणून सकाळी लवकर, ओळीत, आणि जाताना पाण्याच्या बाटल्या. बोरं चार जास्त घ्या, परत येईपर्यंत गुरू शिल्लक राहत नाही.