तिसरा बोर्ड मागवण्याआधी मोटर उतरवा

प्रश्न (निपाणीहून): काका, नमस्कार. घरामागच्या शेडमध्ये डीसी मोटरचं छोटं मिलिंग मशीन आहे, सेकंडहॅण्ड घेतलेलं. लोखंडात स्लॉट काढताना अचानक थांबलं, फ्यूज उडाला. मेकॅनिक म्हणाला मोटरचा स्पीड कमीजास्त करणारा बोर्ड गेला. नवा बसवला, आठवडाभरात तोही गेला. आता तिसरा मागवू का?

उत्तर: अजिबात नको. बोर्ड पाठोपाठ जळतात तेव्हा माझा पहिला संशय मोटरवर असतो. बेळगावच्या उद्यमबागेत मोटरी भरण्यातच, म्हणजे वाइंडिंग करण्यातच, माझी सगळी नोकरी गेली. मोटरमधल्या कार्बन ब्रशची जोडी स्वस्त, बोर्ड महाग, आणि लोक आधी महागाचंच बदलतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

हात घालण्याआधी एक गोष्ट. 230 व्होल्ट एसी बोर्डावरच्या ब्रिजमधून (एसीचा डीसी करणाऱ्या डायोडांमधून) गेला की मोठ्या कपॅसिटरवर साधारण 325 व्होल्ट डीसी साठतो, आणि प्लग काढल्यावरही तो राहू शकतो. तारेच्या जुन्या बल्बच्या वायरी कपॅसिटरच्या टोकांना लावून तो उतरवा, मग मीटरवर शून्य आलंय का बघा. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून शॉर्ट करायची सवय असेल तर ती आजच सोडा.

आता मोटर. बाजूच्या दोन्ही टोप्या उघडून कार्बन काढा. कार्बन फार झिजलाय, कडा तुटल्यात किंवा स्प्रिंग काळवंडून ढिली पडलीय, तर तो कम्युटेटरवर (शाफ्टवरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलावर) दाबून बसत नाही. ठिणग्या पडतात आणि त्यांचे झटके बोर्डावरच्या मॉस्फेटला (मोटरचा करंट चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरला) सोसावे लागतात. कार्बन बदलायचे ते जोडीनंच. मग त्याच भोकातून टॉर्च मारून शाफ्ट हातानं फिरवत कम्युटेटर बघा. सगळीकडे सारखा चॉकलेटी रंग असेल तर उत्तम. एकदोनच पट्ट्या जळून काळ्या झाल्या असतील तर तिथली कॉइल तुटलीय समजा. पट्ट्यांमधल्या खाचांत काळी भुकटी भरली असेल तर बांबूच्या टोकदार काडीनं कोरून काढा. पट्ट्या घासायला बारीक काचकागद चालतो, एमरी नको, तिचे कण खाचांत रुतून बसतात.

यानंतरची परीक्षा मला सगळ्यात जास्त पटते. मोटर बेल्टपासून किंवा गिअरपासून सुटी करा, व्हाइसमध्ये हलक्या हाताने धरा, बोर्डाकडच्या वायरी काढून टाका आणि गाडीची 12 व्होल्टची बॅटरी थेट मोटरला लावा. अशा मशीनची मोटर बहुधा परमनंट मॅग्नेटची (आत कायमचं चुंबक असलेली) असते, त्यामुळे ती सावकाश, पण न अडखळता फिरली पाहिजे. वायरी उलट केल्या की उलटी फिरेल. एका ठराविक जागी थांबते आणि ढकलल्यावर पुढे जाते, असं झालं तर दोष आर्मेचरमध्ये (मोटरच्या फिरणाऱ्या, कॉइलच्या भागात) आहे. ते वाइंडरकडेच द्या. तुम्हाला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडेल.

मोटर निर्दोष ठरली की मग बोर्ड. फेजच्या वायरीत 100 वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये घाला आणि बोर्ड मोटरशिवाय चालू करा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, तो कपॅसिटर भरतोय. भक्क पेटूनच राहिला तर मॉस्फेट किंवा ब्रिज शॉर्ट आहे. मॉस्फेट बदलताना त्याच्या गेटचा रेझिस्टर आणि ड्रायव्हर (गेट चालवणारा भाग) हेही तपासा. मॉस्फेट शॉर्ट होताना बहुतेक वेळा त्यांनाही घेऊन जातो. मॉस्फेटखालचा मायका (इन्सुलेशनची पातळ चकती) आणि उष्णता वाहून नेणारी पेस्ट विसरू नका.

आणि स्लॉट काढताना पॉट (स्पीडचं बटण) फिरवून स्पीड कमी करत असाल तर ते बंद करा. मोटर हळू फिरली की तिचा पंखाही हळू फिरतो, करंट मात्र भरपूर जातो. लो गिअर लावा, मोटर पळू दे, काप थोडा थोडा घ्या.

प्रश्न (खानापूर, आयटीआयचा विद्यार्थी): सर, मशीनचा दिवा लागतो पण स्पिंडल फिरतच नाही. मोटर जळली का?

उत्तर: इतक्यात घाबरू नकोस. पॉट आधी शून्यावर आण, मग स्टार्ट दाब; स्पीड वाढवलेला असताना मशीन सुरूच होऊ नये अशी सोय बऱ्याच बोर्डांत असते. नाही झालं तर प्लग काढून चकगार्डचा (चकवरच्या झाकणाचा) मायक्रोस्विच आणि इमर्जन्सी स्विच मीटरनं तपास. मायक्रोस्विचच्या दांडीखाली कीस अडकलेला असतो. शेवटी पॉट: वायर सोडवून मधल्या आणि कडेच्या टोकावर मीटर लाव आणि सावकाश फिरव. आकडा एकसारखा चढला पाहिजे. मध्येच उडी मारली तर पॉट बदल. ते मशीन कॉलेजचं असेल तर उघडण्याआधी तुझ्या सरांना विचार.

प्रश्न (जांबोटीजवळून): पावसाळ्यात मशीन लावलं की घरातला आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) पडतो. उन्हाळ्यात काहीच होत नाही.

उत्तर: तुमच्याकडच्या पावसात हे होणारच. मोटरच्या आत साचलेली कार्बनची भुकटी ओल धरते आणि करंट बॉडीकडे झिरपतो. बोर्डापासून वायरी सोडवा, मोटर उघडून ब्रशनं भुकटी काढा, उन्हात किंवा बल्बखाली दिवसभर सुकवा. मग 500 व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन मोजायच्या मीटरनं) मोटरची वायर आणि बॉडी यांमध्ये मोजा. एक मेगओहमच्या खाली आलं तर मशीन लावू नका. मेगर लावताना बोर्ड जोडलेला राहू देऊ नका, नाहीतर चांगला बोर्डही जाईल.