वाचकांचे प्रश्न : वजन कोण पेलतंय, ते आधी पाहा

प्रश्न : कला-इतिहासाच्या पेपरला तीन आठवडे उरलेत. रेनेसान्स (युरोपातलं प्रबोधनकाळाचं, समतोल रचनेचं वळण) आणि मॅनरिझम (त्यानंतरचं, आकृत्या मुद्दाम लांबवणारं वळण) मिळून साठेक चित्रं आहेत. नावं, सनावळ्या पाठ होतात. पण अनोळखी चित्र समोर आलं की ते कुठल्या वळणाचं, हे सांगता येत नाही. तयारी कशी करू?
— बीएफएची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : सनावळीच्या क्रमाने पाठ करणं आधी थांबवा. त्यात रेनेसान्सचा रफाएल एका टोकाला आणि मॅनरिझमचा पार्मिजानीनो दुसऱ्या टोकाला राहतो; मधे काय बदललं ते डोळ्यांना दिसतच नाही. त्यापेक्षा एकाच विषयावरच्या चित्रांच्या जोड्या लावा. रोज दोन जोड्या केल्या तर साठ चित्रं पंधरा दिवसांत होतात आणि शेवटचे पाच-सहा दिवस उजळणीला मिळतात.

सुरुवात रफाएलच्या ‘कुरणातली मॅडोना’ (मॅडोना म्हणजे येशूची आई मेरी; १५०५-०६, व्हिएन्ना) आणि पार्मिजानीनोच्या ‘लांब मानेची मॅडोना’ (१५३४-४०, उफिझी, फ्लॉरेन्स) या जोडीने करा. प्रिंटवर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि मेरीच्या डोक्यापासून दोन्ही बाजूंना खाली रेघा ओढा. रफाएलकडे मेरी, येशू आणि छोटा योहान एका त्रिकोणात बसतात. पार्मिजानीनोकडे त्रिकोण जमत नाही. डावीकडे देवदूतांची दाटी, उजवीकडे जवळजवळ मोकळी जागा. तिथे एक उंच खांब आणि खाली हातात गुंडाळी धरलेला इवलासा माणूस. आता मेरीची छातीवर टेकलेली बोटं पाहा, सांधेच नसावेत इतकी निमुळती. देवदूताच्या हातातल्या सुरईचा घाट तिच्या मानेशी ताडून पाहा.

इथे ‘प्रमाण चुकलं’ असं मुळीच लिहू नका. मान चुकलेली नाही, डौलासाठी लांबवलेली आहे. सुरई हाच त्याचा पुरावा, तो उत्तरात द्या. मात्र खांबाकडची बाजू अपुरी राहिली आहे, कारण चित्रकार १५४० मध्ये वारला. त्यामुळे तिथलं सगळंच विचित्रपण मुद्दाम केलेलं, असंही ठोकून देऊ नका.

अनोळखी चित्र आलं तर स्वतःला पहिला प्रश्न विचारा : वजन कोण पेलतंय? रफाएलच्या १५०७ मधल्या, बोर्गेझे गॅलरीतल्या चित्रात येशूचं शव उचलणारी माणसं मागे रेलली आहेत. भार जाणवतो, पायाखाली जमीन आहे, मागे टेकडीवर क्रूस दिसतात. मॅनरिझमच्या पोन्तोर्मोच्या अशाच विषयावरच्या चित्रात (१५२५-२८, सांता फेलिचिता चर्च, फ्लॉरेन्स) क्रूस नाही, शिडी नाही, जमीन जेमतेम. पुढचा तरुण शव खांद्यावर घेऊन चवड्यांवर बसला आहे आणि तरी भार कुठे जाणवत नाही. रंग गुलाबी, फिकट निळे. हा फरक एकदा हाताने रेखाटून पाहिलात की विसरणार नाही. पाच-आठ सेंटिमीटरचं छोटं रेखाटन पुरे, दोन मिनिटांत. फक्त शरीरांचे अक्ष (त्यांचा कल दाखवणाऱ्या रेघा) आणि जमिनीची रेघ. छटा देत बसाल तर वेळ जाईल आणि रचना निसटेल.

प्रश्न : मायकेलअँजेलोला कुठल्या गटात धरायचं? आणि १५२७ ची रोमची लूट हे मॅनरिझमचं कारण म्हणून लिहावं का?

उत्तर : गट कलावंताचा नको, कृतीचा करा. ‘डेव्हिड’ (१५०१-०४) रेनेसान्समध्ये निर्धास्त लिहा. फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयाचा प्रवेशकक्ष मात्र मॅनरिझमच्या उत्तरात घ्या : तिथे खांब भिंतीत खोचलेले आहेत आणि त्यांच्याखालचे ब्रॅकेट (भिंतीतून पुढे आलेले टेकू) कशालाही आधार देताना दिसत नाहीत.

रोमच्या लुटीने कलावंत रोममधून पांगले आणि ही शैली इतरत्र गेली, इतकं लिहा. लूट हेच मूळ कारण म्हणाल तर मॅनरिझमच्या रोस्सो फिओरेन्तीनोचं वोल्तेर्रातलं क्रूसावतरण (येशूचं शव क्रूसावरून उतरवतानाचं चित्र) आडवं येईल. ते १५२१ चं, म्हणजे लुटीच्या आधीचं आहे.