आधी बी राखायला शीक

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र पोचले. गेल्या वर्षी गच्चीवर टोमॅटो इतके आले की शेजाऱ्यांनाही देता आले. त्यांतल्याच उत्तम फळांचे बी धरून यंदा रोपे केली, तर एका झाडाला बोराएवढी फळे लागली, दुसऱ्याला लांबट, आणि तिसरे नुसतेच वाढत राहिले. आपले कुठे चुकले आणि हा नाद सोडावा का, असे तू विचारतोस. सोबत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), द्रवखते आणि ठिबकचा टायमर यांची खरेदीची यादीही पाठवली आहेस. त्या यादीत बियाण्याचा विचार कुठेच दिसला नाही, म्हणून हे पत्र लांबणार आहे.

तुझे पाकीट संकरित बियाण्याचे होते. दोन वेगळ्या शुद्ध वाणांचा संकर केला की पहिली पिढी जोमदार आणि एकसारखी येते. तिचे बी धरून पेरले की मागच्या वाणांचे गुण झाडागणिक निरनिराळे फुटून निघतात. यात तुझी हयगय नाही आणि दुकानदाराची लबाडीही नाही. त्या बियाण्याचा स्वभावच तो आहे. परंतु बी विकत, माती विकत आणि खतही विकत घ्यायचे असेल, तर भाजीऐवजी भाजीचा कच्चा माल तू बाजारातून आणू लागलास, एवढाच फरक पडला. गच्चीवर ज्वारी-गहू पिकणार नाहीत आणि तेल-मीठ विकतच आणावे लागेल, हे तुला मी सांगायला नको. म्हणून स्वावलंबनाची माझी कसोटी साधी आहे: पुढच्या मृगात पेरायचे बी आज तुझ्या घरात आहे का? असेल तर तू स्वावलंबी व्हायला लागलास. नसेल, तर टायमर घेऊन काय करणार?

सुरुवात वाल, चवळी आणि गावरान टोमॅटो यांच्यापासून कर. यांचे परागीकरण बहुतांशी त्याच फुलात होते, त्यामुळे वाण सहसा बिघडत नाही. वालाच्या शेंगा वेलावरच खुळखुळेपर्यंत वाळू दे. टोमॅटोचा गर बियांसकट थोड्या पाण्यात दोन-तीन दिवस आंबव, म्हणजे बियांवरचे बुळबुळीत आवरण सुटते. मग धुऊन सावलीत वाळव. वांगे पिवळे पडेपर्यंत झाडावर ठेवायचे असते, आणि हे ठेवणेच लोकांना जमत नाही.

वेलभाज्यांचे काम नाजूक आहे, कारण त्यांचे परागकण मधमाश्या आणि इतर कीटक नेतात आणि शेजारच्या गच्चीवरचा वाण तुझ्या फळात शिरतो. लाल भोपळ्याची फुले पहाटे उमलतात, दुधीची संध्याकाळी. उमलण्याआधी मादीकळी आणि नरकळी दोन्ही दोऱ्याने हलकेच बांधून ठेवायच्या, उमलायच्या वेळी नरफुलातले पराग मादीफुलाला स्वतः लावायचे, मादीफूल पुन्हा बांधायचे आणि त्या देठाला खुणेची चिंधी लावायची. जमल्यास एकाच वेलावर न थांबता पाच-सहा वेलांचे बी एकत्र कर. दुधीचे बी धरण्यापूर्वी त्याच वेलाच्या कोवळ्या फळाचा कण चाखून पाहा; कडू लागला तर थुंकून टाक, त्या वेलाचे फळ खाऊ नकोस आणि बीही ठेवू नकोस. कडू दुधीच्या रसाने माणसे दगावलेली आहेत.

आमच्या आईकडे बुटक्या पडवळाचे बी होते. गाडग्यात राखेत घालून ती ते चुलीजवळ ठेवायची. मी नोकरीसाठी शहरात राहिलो, आई थकली, ते बी वर्षानुवर्षे पेरलेच गेले नाही, आणि पुढे पेरले तेव्हा उगवले नाही. नंतर पुष्कळ गावांत चौकशी केली, पण तसा पडवळ कुठे मिळाला नाही. म्हणून मी आज जो हट्ट धरतो तो धरतो. मांडवावरचा सर्वांत देखणा दोडका पाहुणे आले तरी मी खुडू देत नाही, यावरून घरात पुष्कळ बोलणी झाली आहेत. चांगली फळे खाऊन टाकून उरल्यासुरल्यांचे बी धरले, तर आपण दर वर्षी निकस झाडांचीच निवड करत राहतो. हे मला घरच्यांना पटवता आले नाही, तरी माझे म्हणणे बरोबर होते आणि आजही आहे.

हे काम शिकलेल्यांचे आहे, असे तुला वाटत असेल तर अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्याकडे पाहा. शाळेत न गेलेल्या या बाईंनी गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्या 2001 च्या वाणसंरक्षण कायद्यानेही शेतकऱ्याचा बी राखण्याचा, पेरण्याचा आणि देवघेवीचा हक्क मान्य केला आहे. हक्क आहे, माहिती आहे, तुझ्याजवळ ऊन येणारी गच्चीही आहे. मग अडले कुठे?

कोकोपीट घेऊ नकोस. स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि वाळलेला पाला कुजवून माती कर. सोबत वाल आणि टोमॅटोचे बी पाठवतो आहे. सगळे एकदम पेरू नकोस, निम्मे झाकणाच्या बरणीत कोरड्या जागी ठेव. हंगाम संपला की जेवढे दिले त्याच्या दुप्पट मला परत पाठव. दोडक्याचेही बी तू मागितले आहेस, पण ते आत्ता देणार नाही. वालाचे बी राखून दाखवलेस की मग देईन.

कळावे.