जपानमधलं कोणतं शिंतो देवस्थान पाहावं, जिथे जुन्या बौद्ध खुणा अजून दिसतात? सोबत आईवडील असतील.

कोतोहिरा-गूला जा. शिकोकू बेटावर, कागावा प्रांतात आहे; ताकामात्सू शहराहून कोतोदेन या स्थानिक रेल्वेने साधारण तासाचा रस्ता. तिथली माणसं अजून लाडाने 'कोन्पिरा-सान'च म्हणतात, आणि खरी गंमत त्या नावातच आहे. कोन्पिरा म्हणजे संस्कृतातला कुंभीर, मगर! भैषज्यगुरू बुद्धाच्या बारा यक्ष-सेनापतींपैकी एक. पाण्याशी नातं सांगणारा देव, म्हणून दर्यावर्दी लोक त्याला भजू लागले. १८६८ साली मेइजी सरकारने शिंतो आणि बौद्ध वेगळे करायचा हुकूम काढला, तोवर इथे दोन्ही एकत्र नांदत होते.

मुख्य देवळापर्यंत ७८५ पायऱ्या आहेत. ६२८व्या पायरीशी आसाही-शा लागतं, तिथे घाई करू नका. हे मूळचं मात्सुओ-जी या बौद्ध मंदिराचं मुख्य सभागृह. चाळीस वर्षं काम चालून १८३७ मध्ये पुरं झालं. आत भैषज्यगुरू होते; आता शिंतो देव आहेत. वळचणीखाली उभं राहून वर बघा. रंग न दिलेल्या लाकडात पक्षी, प्राणी, पानंफुलं इतकी दाटीने कोरलीत, की मान अवघडली तरी नजर हटत नाही. मला पहिल्यांदा हेच मुख्य देऊळ वाटलं होतं. जपानी लोककथांतला इशिमात्सू नावाचा गडीही हेच मुख्य देऊळ समजून इथेच हात जोडून माघारी फिरला, असं सांगतात.

आईवडिलांचं म्हणाल, तर पायथ्याच्या दुकानांत बांबूची काठी मिळते, ती घ्याच. ३६५व्या पायरीला मोठा दरवाजा आहे. आत शिरलं की पांढऱ्या मोठ्या छत्र्यांखाली पिवळ्या साखरगोळ्या विकायला बसलेले दिसतात. हा मान पिढ्यान् पिढ्या फक्त पाच घराण्यांचा. गोळी चपटी असते, सोबतच्या इवल्या हातोडीने फोडून खायची. माझी आई गुडघ्यांमुळे तिथे बराच वेळ टेकली आणि मग सावकाश वरपर्यंत आली.

वर दोनदा वाकायचं, दोनदा टाळी, पुन्हा एकदा वाकायचं. उतरताना वाट परत आसाही-शावरून जाते. आईने तिथेही रीतीप्रमाणे टाळ्या वाजवल्या. मग आत पूर्वी कोण होतं ते मी सांगितलं, तेव्हा चपला काढून तिने पुन्हा एकदा, आपल्या पद्धतीने, हात जोडले.