पत्रे उतरवायला ठेव मोडावी का?

प्रश्न देवगड तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षकांचा. जुन्या घराच्या माडीवर अ‍ॅस्बेस्टॉसचे सिमेंट पत्रे आहेत, दोन-तीन तडकलेत. गावातला एकजण १२,००० रुपयांत ते वरूनच फोडून खाली टाकतो म्हणतो. दुसऱ्याने अखंड उतरवायचे ३८,००० सांगितलेत. नवं छप्पर १,६०,०००, खाली पीओपीचं सीलिंग ७०,०००. बचत खात्यात ९०,००० आहेत. बाकीच्यासाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतले १० लाख मोडावेत का?

सर, काटकसर करायचीच तर पीओपीत करा. आपल्याकडच्या पावसात पहिल्या गळतीला त्यावर डाग उमटतात, ते राहू द्या. १२,००० ची बोली मात्र नको. हे पत्रे धड असतात तोवर फारसा त्रास नसतो. फुटले, कापले, घासले की तंतू हवेत जातात आणि त्यातून होणारा कर्करोग २०-४० वर्षांनी डोकं वर काढतो. तुम्ही म्हणाल, माझं वय झालं. सुट्टीत माडीवर झोपणाऱ्या नातवंडांचं झालेलं नाही.

३८,००० मध्ये काय काय येतं ते लिहून घ्या. पत्रे पाण्याने भिजवायचे, हुक सोडवायचे (खाऱ्या हवेने गंजलेले असणार, हुक कापा, पत्रा नको), पत्रा अख्खा खाली घ्यायचा आणि जाड प्लास्टिकात दुहेरी गुंडाळायचा. चढणाऱ्यांना सूक्ष्म धूळ अडवणारे मास्क हवेत, तोंडाला पंचा बांधून भागत नाही. पत्र्यावर थेट पाय दिला तर माणूस आरपार खाली येतो, म्हणून फळ्या टाकायच्या. नंतर झाडू नाही, ओलं फडकं. पत्रे कुठे टाकायचे हे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात आधीच विचारा. गोठ्यासाठी मागायला कोणीतरी येईलच, देऊ नका.

आता ठेव. खातं उघडून दीड वर्ष झालंय असं तुम्ही लिहिता. आज बंद केलंत तर दीड टक्का, म्हणजे १५,००० कापले जातील, शिवाय ८.२ टक्क्यांनी तिमाहीला मिळणारे २०,५०० थांबतील. त्यापेक्षा बचतीतले ४०,००० घाला, ५०,००० अडीअडचणीला ठेवा आणि १,५८,००० सोनेतारणावर घ्या. व्याज १० टक्के धरलं तरी सहा महिन्यांचे आठ हजारांच्या आत. मे महिन्यात कलमांचे पैसे आले की फेडा. आंब्याने दगा दिला तरी तोवर खात्याला दोन वर्षं होतील आणि कपात एका टक्क्यावर येईल.

नव्या छपराच्या पावतीवर धातूचे पत्रे असंच लिहून घ्या, कारण अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे आपल्याकडे आजही कायदेशीर विकले जातात. काम वारा पडलेल्या सकाळी करा, बागेतली लगबग सुरू व्हायच्या आत. तोवर तडकलेल्या पत्र्यांना हात लावू नका, आणि शेवाळ तारेच्या ब्रशने घासायला कोणाला वर चढवू नका.