१९९५ चा 'मॉर्टल कॉम्बॅट' हा पिक्चर आज बघण्यासारखा आहे का, की फक्त लहानपणीच्या आठवणींमुळे आवडतो?

आहे बघण्यासारखा. आणि आठवणी बाजूला ठेवून सांगतोय, कारण मी गेली चौदा वर्षं पोरांना तायक्वांदो शिकवतो आणि मारामारीचा सीन लागला की माझं लक्ष आपोआप पायाकडे जातं, किक मारल्यावर पाय कुठे पडला, कमरेतून वळला का, समोरच्याने मार खरंच अंगावर घेतला की नुसता पडला. त्या नजरेने गेल्या महिन्यात परत बघितला. अर्धा पिक्चर ठीकठाक आहे, पण त्यातल्या दोन फाइट अशा आहेत की त्यासाठी पूर्ण पिक्चर बघावा.

आधी मला तो कसा भेटला ते सांगतो. मावसभावाकडे सेगाचा व्हिडिओ गेम होता, त्यात मॉर्टल कॉम्बॅट, आणि आम्ही सुट्टीत आळीपाळीने त्यातले स्कॉर्पियन आणि सब-झिरो हे दोन फायटर घेऊन बोटं सुजेपर्यंत खेळायचो. मग एका रात्री केबलवाल्याने हा पिक्चर लावला. सुरुवातीलाच ती आरोळी आणि ते म्युझिक, आम्ही दोघं गादीवर उठून उभे राहिलो होतो.

गेम १९९२ चा, एड बून आणि जॉन टोबायस या दोघांचा. त्यांना मुळात ॲक्शन हिरो ज्याँ-क्लोद व्हॅन डॅमला घेऊन गेम करायचा होता, ते जमलं नाही म्हणून त्याच्यासारखा जॉनी केज हा फायटर आला, नावाची आद्याक्षरंसुद्धा तीच. गेममधल्या रक्तपातावरून १९९३ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये सुनावणी झाली, इतका गाजला होता. आणि व्हॅन डॅम स्वतः १९९४ मध्ये दुसऱ्याच गेमवरच्या पिक्चरमध्ये दिसला, 'स्ट्रीट फायटर'. त्याच्या आदल्या वर्षी 'सुपर मारिओ ब्रदर्स' आलेला. हे दोन्ही बघितले की कळतं, करणाऱ्यांना मूळ गेमवर भरवसाच नव्हता, काहीतरी वेगळंच करून ठेवलं. पॉल अँडरसन हा मॉर्टल कॉम्बॅटचा डायरेक्टर, त्याने तसं केलं नाही. बेटावर स्पर्धा आहे, दुसऱ्या एका दुनियेने ती नऊ वेळा जिंकलीय, दहावी जिंकली की पृथ्वी त्यांची, बस. थायलंडला जाऊन खऱ्या समुद्रातले ते उंच सुळके आणि जुनी देवळं शूट केली, त्यामुळे आजही ते बेट खोटं वाटत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. पिक्चर तयार झाल्यावर आधी थोड्या प्रेक्षकांना दाखवला तेव्हा लोक म्हणाले मारामाऱ्या कमी पडतायत. म्हणून परत शूटिंग लावलं आणि हिरो लिऊ कँगची रेप्टाइलबरोबरची फाइट नव्याने घातली, जॉनी केज आणि स्कॉर्पियनचीही वाढवली. आणि ह्या नव्या फाइट बसवल्या कोणी, तर लिऊ कँगचं काम करणाऱ्या रॉबिन शू यानेच. हा माणूस हाँगकाँगचा, तिथल्या सिनेमात स्टंट करून वर आलेला. मूळ फाइट बसवणारा पॅट जॉन्सन काही कमी नाही, 'कराटे किड'वाला तोच, पण दोघांच्या कामातला फरक डोळ्याला दिसतो.

रेप्टाइलची फाइट लावा आणि आवाज बंद करून बघा. रेप्टाइल म्हणजे कीथ कुक, अंगाने हलका, हवेतून उतरला तरी गुडघे स्प्रिंगसारखे. शू त्याचा मार खातो, आणि खाताना पूर्ण जातो, पाठ आपटते, अंग घसरत जातं, परत उठतो तेव्हा श्वास लागलेला असतो. हिरो म्हणून स्वतःला वाचवत नाही. कॅमेरा लांब ठेवलाय, डोक्यापासून पायापर्यंत माणूस दिसतो, म्हणजे वार कुठून निघाला आणि कुठे लागला हे सगळं एकाच शॉटमध्ये कळतं. याच फाइटमध्ये शूच्या बरगड्या मोडल्या आणि तरी त्याने काम थांबवलं नाही. मी माझ्या पोरांना नेहमी सांगतो की मार घेणाऱ्यावर अर्धी फाइट उभी असते, आता बोलण्याऐवजी हा सीन दाखवतो.

केज आणि स्कॉर्पियनची फाइट झाडांमध्ये सुरू होते आणि मग खाली पाताळात, लाकडी फळ्यांच्या मचाणांवर. तिथे प्रत्येक फळी, प्रत्येक दोरी वापरलीय. केज झालेला लिंडन ॲशबी मुळात ॲक्टर, पण शूने त्याच्याकडून काय काम करून घेतलंय बघा. शेवटी केज स्वतःचा सही केलेला फोटो टाकून जातो ते तर आम्ही शाळेत वर्षभर करायचो.

खटकतं तेही सांगतो. रेप्टाइल पालीच्या रूपात असतो तेव्हाचं कॉम्प्युटर ग्राफिक्स आज बघवत नाही. चार हातांचा राक्षस गोरो मात्र खरा बनवलेला, आत माणूस आणि बाहेरून चेहरा हलवणारे, खर्च दहा लाख डॉलरच्या वर, त्यामुळे तो आजही वजनदार वाटतो. रक्त जवळजवळ नाहीच, कारण लहान मुलांना बघता यावा असं सर्टिफिकेट हवं होतं. कॅरी-हिरोयुकी टागावाचा व्हिलन शांग सुंग मात्र सगळ्यात भारी, तो नुसता उभा राहिला तरी भीती वाटते, त्याने डोळ्यांनीच अर्धं काम केलंय. पण मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं सब-झिरोचं. लिऊ कँगने बादलीभर पाणी फेकलं, ते हवेतच गोठून सुळा झालं आणि खेळ खल्लास. आयडिया चांगली आहे, पण ज्या सब-झिरो आणि स्कॉर्पियनच्या वैरावर आम्ही बोटं सुजवली ते वैर पिक्चरमध्ये एका वाक्यात उरकलं, दोघंही शांग सुंगचे नोकर करून टाकले.

१९९७ चा दुसरा भाग सोडून द्या, खरंच. शू होता त्यात, पण बाकी बहुतेक जण बदलले आणि फाइटला जीवच नाही.

२०२१ च्या नवीन पिक्चरची सुरुवात मात्र नक्की बघा, फक्त सुरुवातीची दहाएक मिनिटं. जुन्या जपानमधलं घर आहे, हिरोयुकी सानादाचा हान्झो, म्हणजे पुढे होणारा स्कॉर्पियन, पाणी आणायला गेलेला असतो आणि मागे घरातली माणसं मारली जातात. त्याच्या बायकोचं बागेत माती उकरायचं हत्यार तिथे पडलेलं असतं, आपलं खुरपं असतं ना तसं. तो ते उचलतो, त्याला दोरी बांधतो आणि पहिल्यांदा फिरवतो. स्कॉर्पियनचा तो दोरीवाला भाला कुठून आला हे एवढ्या वर्षांनी बघायला मिळालं, मी आणि मावसभावाने त्या रात्री फोनवर एक तास फक्त त्याच्यावरच बोललो.