फ्युएल सेल कंपनीचा शेअर 90% पडलाय. कामगिरी आणि जोखीम कशी तपासायची?

तुम्ही विचारलंय की हायड्रोजनला भविष्य आहे असं सगळे म्हणतात, एका फ्युएल सेल (हायड्रोजनसारख्या इंधनापासून थेट वीज बनवणारं यंत्र) कंपनीचा शेअर उच्चांकापासून 90% खाली आलाय, तर त्याची कामगिरी आणि जोखीम कशी जोखायची. कंपनीचं नाव तुम्ही दिलेलं नाही, म्हणून याच क्षेत्रातल्या इतर कंपन्यांची उदाहरणं घेतो.

आधी त्या 90% बद्दल. 80% पडल्यावर "आता स्वस्त झाला" म्हणून ज्यांनी घेतला, त्यांचेही पैसे 90% पर्यंत येताना निम्मे झाले. किती पडला यावरून तो स्वस्त आहे का, हे कळत नाही. परतावाही सुरुवातीची तारीख बदलली की बदलतो. प्लग पॉवर या अमेरिकन फ्युएल सेल कंपनीचा शेअर 2020 च्या सुरुवातीला 3 डॉलरच्या आसपास होता, जानेवारी 2021 मध्ये 75 च्या आसपास गेला आणि 2024 संपताना 2 च्या जवळ होता. एका वर्षाचा आलेख पाहिला तर चमत्कार, पाच वर्षांचा पाहिला तर तोटा. म्हणून निदान तीन वेगवेगळ्या तारखांपासून हिशेब करा आणि प्रत्येक वेळी तो बाजाराच्या निर्देशांकाच्या (इंडेक्स) शेजारी मांडा.

पण माझ्या मते खरी गोष्ट आलेखात दिसतच नाही. कंपनीचे एकूण शेअर किती आहेत आणि ते दरवर्षी किती वाढतात, हे पाहा. तोट्यातली कंपनी नवे शेअर विकून जगते आणि तुमचा वाटा पातळ होत जातो. फ्युएलसेल एनर्जीने 2015 मध्ये 12 ला 1, 2019 मध्ये पुन्हा 12 ला 1 आणि 2024 मध्ये 30 ला 1 असं रिव्हर्स स्प्लिट केलं, म्हणजे अनेक जुने शेअर एकत्र करून त्यांचा एक शेअर केला. गुणाकार करून पाहा: 2015 च्या आधी ज्याच्याकडे 4,320 शेअर होते, त्याच्या हाती आता 1 उरला. रिव्हर्स स्प्लिटने स्वतःहून मूल्य बुडत नाही, हे खरं. पण भाव इतका खाली आल्याशिवाय कोणी ते करत नाही आणि त्यानंतर नवे शेअर विकायला पुन्हा वाव मिळतो. आलेखावरचे जुने भाव या स्प्लिटनुसार फुगवून दाखवलेले असतात, त्यामुळे "पूर्वी इतका होता" या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

दुसरा आकडा रोकडीचा. शेवटच्या चार तिमाहींत कामकाजात आणि कारखाने उभारण्यात मिळून किती रोकड गेली ते काढा आणि हातातल्या रोकडीला त्याने भागा. कंपनी किती वर्षं तग धरेल ते कळेल. यात रिस्ट्रिक्टेड कॅश, म्हणजे करारांमुळे अडकलेली आणि हवी तशी वापरता न येणारी रोकड, धरू नका. प्लगने 2021 च्या सुरुवातीला अब्जावधी डॉलर उभारले होते. तरी नोव्हेंबर 2023 मध्ये कंपनी पुढे चालू राहील का याबद्दल शंका असल्याचं तिला स्वतःच्याच अहवालात लिहावं लागलं. 2023 अखेर मोकळी रोकड सुमारे 13.5 कोटी डॉलर होती, अडकलेली 100 कोटींच्या घरात, आणि त्या वर्षाचा निव्वळ तोटा सुमारे 137 कोटी. जानेवारी 2024 मध्ये कंपनीने 100 कोटी डॉलरपर्यंतचे शेअर थेट बाजारात विकायची सोय केली. हे सगळं अहवालांत उघड छापलेलं होतं. वाचणारे कमी होते.

विक्रीचा आकडाही जसाच्या तसा घेऊ नका. मोठ्या ग्राहकांना ऑर्डरच्या बदल्यात वॉरंट (ठरलेल्या भावाने कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क) दिले, तर त्यांची किंमत विक्रीतून वजा होते. याच कारणाने प्लगची 2020 ची विक्री उणे निघाली होती! मग ग्रॉस मार्जिन, म्हणजे विक्रीतून थेट खर्च वजा जाता उरणारा हिस्सा, पाहा, त्यातही सर्व्हिसचं वेगळं. स्टॅक (यंत्रातला वीज बनवणारा मुख्य भाग) ठरलेल्या आयुष्याआधीच थकला की बदलण्याचा खर्च कंपनीच्या गळ्यात पडतो, आणि जितकी यंत्रं विकली तितका तो वाढतो. ऑर्डर बुकबद्दल मी फार बोलत नाही. सामंजस्य करार म्हणजे विक्री नव्हे.

सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. ब्लूम एनर्जीच्या सॉलिड ऑक्साइड प्रकारच्या फ्युएल सेल यंत्रणा बहुतांशी नैसर्गिक वायूवर चालतात, डेटा सेंटरना त्या हव्या आहेत, आणि 2024 मध्ये कंपनीने कामकाजातून नफा दाखवला. तिथे प्रश्न दिवाळखोरीचा कमी आणि भाव आधीच किती चढलाय याचा जास्त. उलट हायड्रोजन ट्रक बनवणारी निकोला फेब्रुवारी 2025 मध्ये दिवाळखोरीत गेली. सरकारी सवलतींवर अवलंबून असलेल्या कंपनीत आणखी एक जोखीम असते: नियम बदलला की अख्खा प्रकल्प बारगळतो.

बीटा पाहा, पण त्यावर विसंबू नका. तो बाजाराच्या तुलनेत भाव किती हेलकावतो ते सांगतो, पैसे कधी संपतील ते नाही.

मी स्वतः अशा एका कंपनीत भाव पडल्यावर आणखी शेअर घेऊन तीन वेळा खरेदीची "सरासरी खाली आणली". तंत्रज्ञानावरचा माझा विश्वास आजही कायम आहे, पण शेअरची संख्या मी एकदाही पाहिली नव्हती. तुमची कंपनी रोकडीच्या हिशेबात दीड वर्षही काढत नसेल, तर नवे शेअर येणार असं धरूनच चला आणि ते आल्यानंतरच्या संख्येवर भाव मोजा. तरीही घ्यावासा वाटला, तर पूर्ण बुडाले तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही इतकेच पैसे घाला, आणि पुढच्या तिमाहीत शेअरची संख्या पाहिल्याशिवाय त्यात भर घालू नका.